मिशी, मास्क आणि हॅवलॉक

डायव्हिंगसाठी बेट ठरवायला आमचे तीन महिने गेले आणि फिरायला सात दिवस, त्यामुळे आधी ते तीन महिने सांगते, कंटाळा आला तर सरळ पहिल्या दिवसावर उडी मारा.

मागच्या मे महिन्यात आम्ही तारकर्लीला गेलो होतो. तिथे मी, नवरा आणि थोरली, तिघांनी पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलं. पाठीला सिलिंडर, मागून एक दादा आपल्याला बोचक्यासारखं धरून फिरवतो, दहा-पंधरा मिनिटं, की संपलं. मे महिना म्हणजे सीझनचं शेपूट, पाणी हिरवट, हात लांब केला की त्यापुढचं सगळं धूसर. तरी थोरली वर आली आणि दात वाजवत म्हणाली, मला मोठी झाल्यावर हेच करायचंय. (त्याआधीच्या महिन्यात तिला पशुवैद्य व्हायचं होतं, असो.) धाकट्याला आम्ही उतरू दिलं नव्हतं, तो बोटीवर आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडत होता आणि सासूबाई आमच्याकडे अशा बघत होत्या की जणू आम्ही त्याला जत्रेत सोडून आलोय.

मग ठरलं, पुढच्या वर्षी नीट कुठल्यातरी बेटावर जायचं, स्वच्छ पाण्यात. कुठल्या, इथून मारामारी सुरू झाली.

थोरलीला मालदीव. नवऱ्याला बाली, कारण तुलांबेन नावाच्या गावात किनाऱ्यापासून पन्नासेक पावलांवर पाण्यात एक अख्खं अमेरिकन जहाज पडलंय. १९४२ ला जपान्यांनी टॉर्पेडो मारलेलं, किनाऱ्यावर आणून ठेवलेलं, आणि १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा घसरून समुद्रात गेलेलं. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. पण सासूबाईंचा पासपोर्ट संपलेला, आणि दोन विमानं बदलून बालीला गेल्यावर त्या बिचाऱ्या दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर बसून करणार काय? मालदीवचंही तेच. स्थानिक लोकांच्या बेटांवर राहिलं तर खर्च आवाक्यात येतो, व्हिसाची कटकट नाही, पाणी तर विचारूच नका. पण जे नावाजलेले डाइव्ह आहेत ते बरेचसे प्रवाळाच्या कड्यांमधल्या खाडीत, जोरदार करंटमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या नवशिक्यांनी ते लांबूनच बघायचे. आणि मग डायव्हिंग नसेल त्या दिवशी एवढ्याशा बेटाला किती प्रदक्षिणा घालणार?

लक्षद्वीप सगळ्यांना पसंत होतं, पण परमिट, अगत्तीचं छोटं विमान नाहीतर कोचीहून जहाज, आणि पाच माणसांना एकत्र तारखा मिळेनात. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी म्हणजे बेटावर राहायचं नाही, रोज तासदीड तास बोटीने जायचं आणि यायचं, आणि आमच्या धाकट्याला लोणावळ्याच्या घाटात सुद्धा गाडी लागते.

हे सगळं चालू असताना मला एक गोष्ट कळली जी खरं पहिल्या दिवशी कळायला हवी होती. आम्ही सगळे फोटो बघून बेट निवडत होतो. आणि आमचा प्रश्न होता धाकटा. त्याला दहा वर्षं जूनमध्ये पूर्ण होणार, आणि पाडी वगैरे ज्या डायव्हिंग शिकवणाऱ्या मोठ्या संस्था आहेत त्यांचा नियम असा की आठ वर्षांपासून पूलमध्ये किंवा तसल्याच शांत पाण्यात दोन मीटरपर्यंत, आणि समुद्रातला ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न करता प्रशिक्षकासोबतचा पहिला डाइव्ह, पूर्ण दहा झाल्यावर, तोही जास्तीत जास्त बारा मीटर. म्हणजे जगातलं सर्वात सुंदर प्रवाळ तीस मीटरवर असलं तरी आम्हाला त्याचा उपयोग शून्य. आम्हाला पाहिजे होतं असं ठिकाण जिथे चालत पाण्यात शिरता येईल, धाकट्याला गुडघाभर पाण्यात काहीतरी दिसेल, काही झालं तर दवाखाना असेल, आणि सासूबाईंना यावंसं वाटेल.

सासूबाईंना विचारलं तर त्या एका सेकंदात म्हणाल्या, "अंदमान. मला सावरकरांची कोठडी बघायची आहे. तुम्ही करा काय ते डुबुक डुबुक."

झालं, ठरलं. ठरवलं कुणी, तर तीन महिन्यांनी आम्ही ज्यांना शेवटी विचारलं त्यांनी. वर नंतर शोधलं तर अंदमानला प्रवाळ किनाऱ्याजवळ आहे, जानेवारी ते एप्रिल पाणी शांत आणि स्वच्छ असतं, आणि डायव्हरच्या अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर लागतं ते रिकम्प्रेशन चेंबर पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या हॉस्पिटलात आहे. मुलांची परीक्षा मार्चच्या मध्यात संपत होती, नवीन वर्ग एक एप्रिलला. सासूबाईंची अट एकच, पाडव्याला गुढी आपल्या घरी.

दिवस पहिला

डोंबिवलीहून रात्री अडीचला निघालो, मुंबई-चेन्नई-पोर्ट ब्लेअर. आता त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय, २०२४ मध्ये बदललं, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणत होते म्हणून मीपण तेच लिहिते. तसंच हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप हे २०१८ पासून. तिकिटावर नवीन नावं असतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर आमच्या नवऱ्यासारखं काउंटरवर "आमचं हॅवलॉकचं बुकिंग कुठे गेलं" करत बसाल.

विमान उतरताना खिडकीतून जे दिसतं ना, हिरवी बेटं आणि भोवती फिकट निळी किनार, तिथेच थोरलीचं मालदीव संपलं. विमानतळाची नवी इमारत शिंपल्याच्या आकाराची आहे म्हणे, आतून काही कळत नाही.

दुपारी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं हे बांधत होते. मधे मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, आता तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर फक्त भिंत. माणूस माणसाला दिसूच नये असा विचार करून कुणीतरी कागदावर नकाशा काढला असेल, हे डोक्यातून जात नाही. सावरकर १९११ पासून दहा वर्षं इथे होते, थोरले भाऊ बाबाराव त्यांच्याआधीच आलेले, आणि दोघं एकाच तुरुंगात आहेत हे त्यांना बरेच दिवस माहीतच नव्हतं. कोलू बघितला, रोज तीस पौंड खोबरेल तेल काढायचं, बैलाच्या जागी माणूस जुंपून.

कोठडी सर्वात वरच्या मजल्यावर टोकाला आहे. सासूबाईंचे गुडघे घरी दोन जिन्यांत बोलायला लागतात, इथे त्या एकदाही थांबल्या नाहीत. चपला बाहेर काढल्या, आत गेल्या, हात जोडले आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद खोली, डोक्याच्या कितीतरी वर एक झरोका. धाकट्याने विचारलं, "आजी, इथून समुद्र दिसतो?" त्या म्हणाल्या, "नाही रे. आवाज येत असेल." मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, मागे रांग लागली होती म्हणून निघालो.

साडेपाचला सूर्यास्त. घड्याळ आपलं मुंबईचं आणि सूर्य ब्रह्मदेशाच्या शेजारचा, त्यामुळे इथे पहाटे साडेपाचला लख्ख उजेड असतो. पहिले दोन दिवस पोटाला कळेना की ही भूक चहाची आहे की जेवणाची.

दिवस दुसरा

सकाळच्या फेरीने हॅवलॉक. खासगी फेरी बंद एसी डब्यासारखी असते, दीडपावणेदोन तास, तिकीट आधीच काढून ठेवा. सरकारी बोट स्वस्त आणि उघड्या डेकची, पण तिची तिकिटं मिळाली नाहीत. सासूबाईंनी सगळ्यांच्या तोंडात आवळासुपारी कोंबली आणि धाकटा चक्क उलटी न करता पोचला.

बुकिंग पाच नंबरच्या बीचवर केलेलं. इथे किनाऱ्यांना नंबर आहेत, आणि गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर, कारण पन्नासच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना इथे वसवलं. बाजारात बंगालीच ऐकू येतं. सासूबाईंना भाजीवाली भेटली, तिला मराठी येत नव्हतं, यांना बंगाली येत नव्हतं, अर्धा तास बोलत होत्या. विषय पालेभाजी.

आणि मग पहिला धक्का. कॉटेजसमोर समुद्रच नव्हता! फोटोत होता तो गायब, दूरपर्यंत ओला चिखल, खडक, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे, आणि निळं पाणी कुठेतरी लांब. थोरली रडकुंडीला. ओहोटी, दुसरं काय. बेटाची ही पूर्वेची बाजू फार उथळ आहे, ओहोटीला पाणी लांब जातं आणि भरतीला परत पायरीपाशी येतं. आम्ही कोकणात सासर-माहेर असलेली माणसं, आम्हाला हे सुचू नये? हॉटेल बघताना कुणीच भरतीचं वेळापत्रक बघत नाही, बघा प्लीज. डायव्हिंगच्या वेळासुद्धा त्यावरच ठरतात.

संध्याकाळी डाइव्ह सेंटर शोधायला निघालो. पहिल्या दुकानात मेडिकल फॉर्म दिला, दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, बीपी, सायनस, शुगर. मी वाचायला घेतला तर तो मुलगा म्हणतो, "सब में नो लिख दो, फॉर्मॅलिटी है." धाकट्याकडे बघून, "नऊ साल? दस लिख दो, कौन देखता है." धाकट्याचे डोळे असे चमकले की माझं काळीजच हललं, आणि कबूल करते, दोन सेकंद माझ्या मनात आलं की तीनच महिने तर कमी आहेत. नवरा म्हणाला, चल. रस्त्यात धाकट्याने त्याच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या ठिकाणी एक मुलगी बसली होती, तिने वय विचारलं आणि धाकट्यालाच सांगितलं, "तू समुद्रात नाही, पण आमचा पूल आहे आणि सगळं सामान तुझ्या मापाचं आहे." मग त्याला शंभर प्रश्न. नवऱ्याच्या फॉर्मवर सायनसला हो होतं तर त्यावर पंधरा मिनिटं चौकशी, सर्दी आहे का, औषध घेता का. तिथेच पैसे भरले, ट्राय डाइव्हचे माणशी साडेचार हजार. जिथे जास्त प्रश्न विचारतात तिथे मला बरं वाटतं, हे वय झाल्याचं लक्षण असेल.

निघताना ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "सर, मूछ का थोडा प्रॉब्लेम होगा."

दिवस तिसरा

नवऱ्याची मिशी. लग्नाआधीपासूनची आहे, भरघोस, कॉलेजच्या आयकार्डावर सुद्धा आहे. मास्कची सिलिकॉनची कड वरच्या ओठाच्या वर त्वचेला चिकटून बसायला लागते, मधे केस आले की फटीतून पाणी आत. उपाय दोन. एक, व्हॅसलिन थापायचं. दोन, समजलात. नवऱ्याने अर्धी डबी थापली.

आधी धाकट्याचा पूल. छोटं जॅकेट, छोटं सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारी नळी), आणि दोन मीटर खाली जाऊन तो मांडी घालून बसला. नुसता बसला. बुडबुडे सोडतोय, हाताने गोल करून ओके ओके दाखवतोय. वीस मिनिटांनी वर आला तेव्हा बोटं सुरकुतलेली आणि बाबांशी बोलणं परत चालू.

मग आमची पाळी, नीमो रीफ. नाव कितीही पर्यटकी असलं तरी जागा नवशिक्यांना एक नंबर, बोट नाही, गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, तिथेच मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायची आणि रेग्युलेटर सुटला तर परत तोंडात घ्यायची प्रॅक्टिस, आणि मग उतार हळूहळू खाली जातो. प्रत्येकाला एक प्रशिक्षक. माझा विशीतला होता आणि मला आंटी म्हणाला, तेवढं सोडलं तर देवमाणूस.

कान. याबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि सर्वात मोठा फरक पहिल्याच दहा मीटरमध्ये, कारण तिथेच हवेचं आकारमान निम्मं होतं. म्हणून पोहण्याच्या तलावाच्या तळाशीसुद्धा कान दुखतात. नाक दाबून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी, दर हातभर खाली गेलं की. माझा उजवा कान लगेच उघडला, डावा हट्टी. आंटीवाल्याने घाई केली नाही, अर्धा मीटर वर, फुंक, परत खाली, असं सात-आठ वेळा, आणि मग आतल्या आत टिचकी वाजली आणि सगळं शांत. फक्त आपल्याच श्वासाचा आवाज.

खाली गेल्यावर समुद्रफुलात क्लाउनफिश, बोटाएवढे, आणि शूर इतके की माझ्या मास्कवर चालून आले. नंतर थोरलीने ज्ञान दिलं की त्या घरात सर्वात मोठी असते ती मादी, आणि ती मेली की तिचा नवरा स्वतः मादी होतो. सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मग घर कोण बघतं ते त्याला कळत असेल." माझा विश्वास बसेना की हे त्याच बाई बोलल्या.

थोरलीच्या मनगटाला तुळजापूरचा लाल दोरा होता, तो सात-आठ मीटरवर चक्क मातकट तपकिरी दिसायला लागला. पाणी लाल रंग आधी खातं. पोपट मासे चोचीने प्रवाळ कुरतडत होते, त्याचा करकर आवाज ऐकू येतो, आणि खाल्लेला दगड ते मागून पांढरी रेती म्हणून सोडतात. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो ती वाळू म्हणजे बरीचशी... जाऊ दे.

एक खरं सांगायला पाहिजे. प्रवाळ सगळीकडे रंगीत नाहीये. किनाऱ्याजवळ बराच भाग करडा आणि मोडका आहे. २०१० आणि २०१६ ला समुद्र जास्त तापला तेव्हा इथलं खूप प्रवाळ पांढरं पडलं. प्रशिक्षक म्हणाला की जे आहे ते परत येतंय तेच आहे, पाय मारू नका. फोटोत जे असतं ते निवडलेलं असतं.

आणि नवरा? त्याच्या मास्कमध्ये पाणी. काढलं, परत पाणी. व्हॅसलिन काचेला लागलं ते वेगळंच. दहाव्या मिनिटाला तो वर. किनाऱ्यावर बसून राहिला टॉवेल गुंडाळून, आणि सासूबाईंनी त्याला शहाळं दिलं.

दिवस चौथा

सकाळी बाथरूममधून नवरा बाहेर आला आणि धाकटा किंचाळला. वरचा ओठ गोरापान, बाकी चेहरा काळा, मधे काहीतरी हरवल्यासारखं. मी हसावं की काय करावं या विचारात असतानाच सासूबाई व्हरांड्यातून आत आल्या, बघितलं, आणि तिथेच थबकल्या.

"अरे मेल्या, मी धडधाकट उभी आहे इथे! मिशी कुणासाठी काढलीस?"

आमच्यात आईवडील गेल्यावरच मुलगा मिशी काढतो. मामंजी गेले तेव्हा त्याने काढली होती, तेवढीच एकदा. हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, आणि माझ्याही नाही. तो नुसता "मास्क गं आई, मास्क" करत राहिला. त्यांनी त्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही. जेवताना मात्र पानात माशाची मोठी तुकडी त्यालाच वाढली, मग कळलं मिटलं.

डायव्हिंगला सुट्टी होती. संध्याकाळी राधानगर, म्हणजे सात नंबर बीच, बेटाची पश्चिम बाजू. २००४ मध्ये टाइम मासिकाने याला आशियातला सर्वात चांगला किनारा म्हटलं होतं. मी असल्या पदव्यांवर विश्वास ठेवत नाही पण दोन किलोमीटरभर रुंद पांढरी वाळू, मागे उंच महुआची जंगली झाडं, आणि शॅक नाही, गाणी नाहीत, म्हटलं बरोबर आहे बाबा. मगरींच्या सूचनेचे बोर्ड आहेत, खाऱ्या पाण्यातल्या मगरी खऱ्याच आहेत इथे, जीवरक्षक शिट्टी मारतील तिथून पुढे जाऊ नका. पूर्वी इथे राजन नावाचा पोहणारा हत्ती होता, लाकडं वाहून नेण्याच्या कामातून निवृत्त झालेला, २०१६ ला गेला. धाकट्याला तो न बघितल्याचं इतकं वाईट वाटलं की वाळूत हत्ती केला. सोंड भरतीने नेली.

दिवस पाचवा

बोट डाइव्ह. लाइटहाउस नावाची जागा, जेटीपासून लांब नाही. बोट चालवणारा करेन होता, १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणून उत्तरेला मायाबंदरकडे वसवलेले हे लोक, समुद्र त्यांच्या हातात आहे असं वाटतं. धाकटा लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंगला, म्हणजे तोंडात नळी धरून वरवरच तरंगत बघायला, आमच्यासोबत, त्याच्यासाठी वेगळा माणूस.

बिनमिशीच्या नवऱ्याचा मास्क कोरडा ठणठणीत. आणि मग काय विचारता! अकरा मीटरवर हा माणूस असा तरंगत होता की मला आमचं अरेंज मॅरेज परत करावंसं वाटलं. फक्त एक, त्याच्यासाठी हे मत्स्यालय नव्हतं, मेनूकार्ड होतं. वर आल्यावर तो प्रशिक्षकाला सांगत होता, ती लाल दिसली ती तांबोशी, खडकाखाली तोंड उघडून बसलेला गोबरा, वाळूत निळ्या ठिपक्यांचं पाकट. प्रशिक्षकाकडे सगळ्यांची इंग्रजी नावं, याच्याकडे सगळ्यांचं कालवण.

मी एक मोरे ईल बघितली, बिळातून डोकं काढून तोंड उघडझाप करणारी. ती रागावत नसते, श्वास घेत असते म्हणे. पिवळ्या-निळ्या माशांचा एक थवा असा अंगावरून गेला की दादर स्टेशनला जिन्यात उलट्या दिशेने उभं राहिल्यासारखं वाटलं, फक्त एकाचाही धक्का लागला नाही.

थोरली बाहेर आली आणि काहीच बोलली नाही. सिलिंडर काढलं, जॅकेट धुतलं, जागेवर ठेवलं, कुणी सांगितलं नव्हतं. मग त्या मुलीकडे जाऊन विचारून आली की ज्युनियर ओपन वॉटरला, म्हणजे मुलांच्या डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सला, किती दिवस लागतात. तीन-चार. म्हणजे पुढच्या वर्षीचा खर्च ठरला.

हा डाइव्ह मुद्दाम सातव्या दिवसाच्या विमानाआधी दोन दिवस ठेवलेला. एक डाइव्ह असेल तर बारा तास, जास्त असतील तर अठरा तास तरी विमानात बसायचं नाही, अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. पॅकेजवाले परतीच्या आदल्या संध्याकाळी डाइव्ह टाकतात, त्यांना स्पष्ट विचारा.

दिवस सहावा

नील. इथे किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, गाव रामनगर. सासूबाई एकदम खूश, म्हणाल्या मालदीवला असतं का असं. भरतपूरला काचेच्या तळाची बोट घेतली खास त्यांच्यासाठी. पदर खोचून, चष्मा पुसून, त्या काचेवर वाकून बसल्या ते बोट किनाऱ्याला लागेपर्यंत मान वर केली नाही. "एवढं सगळं खाली आहे आणि आपण वरून नुसतं पाणी म्हणतो," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात धाकटा पाण्यातून ओरडत आला. त्याला कासव दिसलं होतं! कंबरेपेक्षा थोड्याच खोल पाण्यात, परातीएवढं, गवत खात होतं आणि त्याच्याकडे बघून परत गवत खायला लागलं. आम्ही धावलो तर काही नाही. चार दिवसांत दोन-दोन डाइव्ह करून आम्हा तिघांना एकही कासव दिसलं नव्हतं, आणि हा नियमात न बसणारा गडी स्नॉर्केल लावून बघून आला. त्यानंतर दोन तास तो आमच्याशी तुच्छतेने वागला.

दुपारी ओहोटीला नैसर्गिक दगडी कमान, सगळे त्याला हावडा ब्रिज म्हणतात. वाट शेवाळलेल्या खडकांची, सासूबाईंना वर टपरीवर लिंबूसरबत घेऊन बसवलं. धाकट्याने खिशात शंख भरलेले, ते परत टाकायला लावले. प्रवाळ आणि शंख नेणं गुन्हा आहे, विमानतळावर बॅगा बघतात. संध्याकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर.

दिवस सातवा

प्रवास. सासूबाई कुरकुरत होत्या की अमावस्येला कुणी प्रवास करतं का. पाडव्याला घरी पोचायचं तर आदल्या दिवशी अमावस्याच असणार, हे मी त्यांना सांगितलं नाही. चेन्नईला त्यांची पिशवी उघडली तर आतून एक शंख निघाला, बारकासा, पोर्ट ब्लेअरला कुणाच्या नजरेतून कसा सुटला देव जाणे. "तुळशीत ठेवायला," म्हणाल्या, आणि धाकटा त्यांच्याकडे असा बघत राहिला की त्यांनी पिशवी बंद केली. मलाही कानकोंडं झालं. माझ्याकडे याचं उत्तर नाही.

रात्री दहाला घर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुढी उभारली, गाठी, कडुनिंब, सगळं. नवरा झोप न झालेल्या तोंडाने, सोवळं नेसून, आणि त्या पांढऱ्या ओठाने दार उघडायला गेला. समोरच्या काकू ताटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्याचा चेहरा बघितला, हातातली ताटली हळूच मागे घेतली, मग गॅलरीतली गुढी बघितली, परत चेहरा बघितला. सुतक म्हणावं तर गुढी उभी, सण म्हणावं तर मिशी नाही. शेवटी अगदी खालच्या आवाजात विचारलं, "अरे... आई?"

"काय गं, आत ये की," आतून सासूबाई ओरडल्या, "श्रीखंड फेटतेय मी, हात बरबटलेत."